वारे दोन्ही पायांवरून गेले

माझे दोन्ही पाय चार दिवसांत निकामी झाले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना कोड्यात टाकले ते 'दोन्ही' या शब्दाने. अंगावरून वारे जाते ते एका बाजूवरून, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले होते. हात गेला की त्याच बाजूचा पाय जातो, तोंड वाकडे होते, जीभ अडखळते, आणि माणूस बहुधा उतारवयातला असतो. मी तेव्हा 38 वर्षांची होते, माझे बोलणे स्वच्छ होते, चेहरा सरळ होता, आणि तरीही पलंगाच्या कडेवरून उठून उभे राहणे मला जमत नव्हते.

या आजारासाठी आपल्या भाषेत जे शब्द आहेत, ते जवळजवळ सगळे अर्ध्या अंगाचे आहेत. अर्धांगवायूत अर्धे अंग आहे, पक्षाघातात पक्ष म्हणजे बाजू आहे, आणि अरबीतून आलेल्या लकव्याचा तिथला अर्थ तर केवळ चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे एवढाच आहे. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने होणारा अर्धांगवायू सर्वांत जास्त दिसतो, म्हणून शब्दही त्याच्याभोवती घडले, यात नवल नाही. मात्र ज्यांचा आजार या शब्दांत मावत नाही, त्यांचे सुरुवातीचे दिवस 'हे काही तसले नाही' या दिलाशात निघून जातात, आणि उपचारांच्या दृष्टीने नेमके तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात. माझे तसे तीन दिवस गेले.

सुरुवात पायाच्या बोटांतल्या मुंग्यांनी झाली. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर येतात तशाच त्या होत्या, फक्त जात नव्हत्या. दुसऱ्या दिवशी हातांच्या बोटांनाही त्या आल्या आणि कंबरेत खोलवर दुखू लागले. ज्या डॉक्टरांकडे मी प्रथम गेले त्यांनी माझी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, थकवा आणि जीवनसत्त्वांची कमतरता असे निदान केले आणि विश्रांती घ्यायला सांगितले. त्यांनी माझे गुडघे ठोकून पाहिले नाहीत. त्या वेळी मलाही त्यात काही उणे वाटले नाही, कारण गुडघ्यावर हातोडी मारून नक्की काय कळते हे मला ठाऊकच नव्हते. चौथ्या दिवशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय उचलला गेला नाही, आणि कठड्याला धरून मी तिथेच खाली बसले. ताईने मला रुग्णालयात नेले.

तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी विचारलेले प्रश्न मला त्या वेळी असंबद्ध वाटले होते. अशक्तपणा खालून वर चढला की वरून खाली उतरला? लघवी होते आहे का, आणि झाल्याचे कळते का? गेल्या महिनाभरात ताप किंवा जुलाब झाले होते का? डबाबंद किंवा घरी बरणीत साठवलेले काही खाल्ले होते का? मग त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांनी माझ्या केसांत भांग पाडून डोक्याची त्वचा बोट बोट तपासली. पायांचा आजार आणि केसांत शोध, याचा मेळ मला लागेना. पुढे अनेक महिन्यांनी मी बाईंना हे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्यासारखाच पायांतून वर चढणारा लकवा गोचिडीनेसुद्धा होतो. तिच्या लाळेत विष असतं. ती केसांत लपलेली असते, आणि काढून टाकली की बहुतेक माणसं बरी होतात. एवढा सोपा इलाज असताना आपण न बघता पुढं गेलो, तर?"

त्या प्रश्नांमागचा विचार कळायला मला बराच काळ लागला, आणि मला वाटते, या सगळ्या आजारांची गुरुकिल्ली त्या विचारात आहे. हात हलवायचा हा आदेश मेंदूच्या पृष्ठभागावर उठतो, मेंदूच्या देठातून मज्जारज्जूत उतरतो, तिथे दुसऱ्या पेशीच्या हवाली होतो, त्या पेशीच्या लांबच लांब तंतूतून, म्हणजे नसेतून, स्नायूपर्यंत पोचतो, नस आणि स्नायू यांच्यामधली अतिसूक्ष्म फट एका रसायनाच्या साहाय्याने ओलांडतो, आणि शेवटी स्नायूच्या पेशीत क्षारांची दारे उघडून तिला आकुंचित करतो. या वाटेवर आदेश कुठेही अडला तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच असतो, तो म्हणजे हात हलत नाही. परंतु अडण्याच्या जागेनुसार खुणा बदलतात. मेंदूत किंवा मज्जारज्जूत अडले तर पहिला धक्का ओसरल्यावर गुडघ्याचा झटका उलट जोरात येतो आणि स्नायू ताठरतात. नसेत अडले तर झटका नाहीसा होतो आणि बहुधा संवेदनाही बिघडते. नस आणि स्नायू यांच्या फटीत अडले तर संवेदना पूर्ण शाबूत राहते, पण पापण्या मिटू लागतात, दुहेरी दिसते, गिळणे कठीण होते. डबाबंद खाण्याचा प्रश्न या फटीसाठी होता, कारण बिघडलेल्या अन्नात वाढणाऱ्या बोट्युलिझमच्या जंतूंचे विष नसेच्या टोकातून ते रसायन सुटूच देत नाही, आणि तो लकवा डोळ्यांपासून सुरू होऊन खाली उतरतो. लघवीचा प्रश्न मज्जारज्जूसाठी होता. मज्जारज्जूवर गाठीचा, रक्ताचा किंवा सरकलेल्या चकतीचा दाब असेल तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते, म्हणून ती शक्यता एमआरआय करून आधी बाजूला सारावी लागते.

बाईंनी माझ्या दोन्ही गुडघ्यांवर हातोडी मारली. पाय जागचे हलले नाहीत. घोट्यांमागेही तेच झाले. "आता आपण थांबायचं नाही," एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी माझ्या कंबरेतून मणक्यातले पाणी काढले गेले.

त्या पाण्यात प्रथिने वाढलेली असतात पण पेशी वाढलेल्या नसतात, ही माझ्या आजाराची, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोमची, जुनी आणि आजही उपयोगी खूण आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 साली, फ्रेंच सैन्यातील डॉक्टर जॉर्ज गुलेन, जाँ-अलेक्झांड्र बॅरी आणि आँद्रे स्ट्रोल यांनी दोन सैनिकांच्या बाबतीत ती नोंदवली. चढत जाणाऱ्या लकव्याचे वर्णन झाँ लान्द्री यांनी त्याआधीच, 1859 मध्ये करून ठेवले होते. आजाराला नाव मात्र गुलेन आणि बॅरी यांचेच राहिले, आणि स्ट्रोल यांचे नाव कधीतरी गळून पडले याची मला उगाचच रुखरुख वाटते. या पाण्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या आठवड्यात प्रथिने वाढलेली नसूही शकतात, त्यामुळे अहवाल निर्दोष आला म्हणून हा आजार नाही असे कोणी समजू नये.

गुलेन-बॅरी सिंड्रोम, ज्याला आता सगळेच जीबीएस म्हणतात, वर्षाला एक लाखात साधारण एक किंवा दोन जणांना होतो. मला तो होण्याच्या दोन आठवडे आधी जुलाब झाले होते आणि मी ते विसरूनही गेले होते. कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या आतड्याच्या संसर्गानंतर हा आजार विशेषकरून उद्भवतो. या जंतूच्या बाह्य आवरणावरील काही रेणू आपल्या नसांवरील रेणूंसारखेच दिसतात, आणि जंतूवर सोडलेली प्रतिपिंडे त्या साम्याला फसून नसांवरच चालून जातात. काही रुग्णांत नसेभोवतीचे मायलिनचे आवरण सोलले जाते, तर काहींत आतला तंतूच दुखावतो. आवरण गेले तर दुरुस्ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होते, तंतू तुटला तर त्याला पुन्हा वाढावे लागते. माझ्या हातांत पहिला प्रकार अधिक होता आणि पायांत दुसराही होता, असे नसांमधल्या विद्युत्प्रवाहाच्या तपासणीने दाखवले. या एका भेदाचा अर्थ पुढची चार वर्षे माझ्या चालण्यात उलगडत गेला.

उपचार दोन आहेत आणि दोन्ही सारखेच परिणामकारक आहेत. एकात रक्तातला द्रव भाग काढून त्याऐवजी दुसरा द्रव भरतात, म्हणजे प्रतिपिंडेच उपसून टाकतात. दुसऱ्यात हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे केलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेवाटे देतात, बहुधा वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.4 ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस. दोन्ही उपचार लागोपाठ केल्याने जास्त फायदा होत नाही. ज्यांची चालण्याची शक्ती गेली आहे त्यांना हे औषध पहिल्या दोन आठवड्यांत मिळावे असा प्रयत्न असतो, आणि जितके लवकर तितके बरे. मला ते पाचव्या दिवशी सुरू झाले. त्या पारदर्शक बाटलीतले औषध थेंबाथेंबाने उतरताना मी पाहत असे, आणि आपल्या नसा वाचाव्यात यासाठी हजारो अनोळखी माणसांनी कधीतरी बाही वर करून हात पुढे केला होता, हा विचार त्या दिवसांत मला मोठा आधार देत असे.

औषध सुरू झाले म्हणून आजार लगेच थांबत नाही. तो चढायचा तेवढा चढतो, आणि चार आठवड्यांच्या आत त्याचे शिखर गाठले जाते. माझ्या छातीकडे तो येऊ लागला तेव्हा सिस्टर दर काही तासांनी येऊन म्हणत, "एका श्वासात जमेल तेवढे आकडे मोजा." पहिल्या रात्री मी 31 पर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी दुपारी 22 पर्यंत, आणि संध्याकाळी 13 वर आवाज विरला. माझ्या बोटाला लावलेले यंत्र तेव्हाही ऑक्सिजन 98 टक्के दाखवत होते. ताईने त्या आकड्याकडे बोट दाखवून विचारले की सगळे ठीक आहे ना, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला नेऊन समजावले. या आजारात तो आकडा अगदी शेवटी पडतो, आणि तो पडेपर्यंत वाट पाहिली तर नळी घाईगडबडीत घालावी लागते. ही एक गोष्ट रुग्णाच्या प्रत्येक नातेवाइकाला माहीत असावी असे मला मनापासून वाटते. श्वासाचे स्नायू दमत असताना फुप्फुसे निरोगीच असतात, म्हणून यंत्र खुशाली सांगत राहते आणि माणूस मात्र आतून संपत जातो. जीबीएसच्या दर चार-पाच रुग्णांपैकी साधारण एकाला कृत्रिम श्वासाची गरज पडते. त्यांतली मी एक झाले.

कृत्रिम श्वासाचा हा आधार मुळात एका लकव्यानेच जगाला दिला, हे मला नंतर वाचायला मिळाले. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास थांबलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 जण दगावले होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचवले की छातीभोवती पेटी लावून श्वास ओढण्याऐवजी, शस्त्रक्रियेच्या वेळी करतात त्याप्रमाणे, गळ्याला छेद देऊन नळी घालावी आणि रबरी पिशवी दाबून हवा आत सोडावी. ऑगस्टमध्ये 12 वर्षांच्या एका मरणासन्न मुलीवर त्यांनी ते करून दाखवले आणि ती वाचली. पण एवढ्या रुग्णांना पुरेशी यंत्रे नव्हती. तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, आठवड्यामागून आठवडे, रुग्णांच्या उशाशी बसून हाताने पिशव्या दाबत राहिले. आजचा अतिदक्षता विभाग त्यातून जन्माला आला. रात्री माझ्या उशाशी यंत्र एका लयीत उसासे टाकत असे तेव्हा हे मला ठाऊक नव्हते, पण आता त्या आवाजाची आठवण आली की मला यंत्र दिसत नाही, झोपेने जड झालेल्या डोळ्यांचा, हात न थांबवणारा एखादा विद्यार्थी दिसतो.

मी 26 दिवस त्या यंत्रावर होते आणि बहुतेक सगळा वेळ जागी होते. बाहेरच्यांना हे समजणे सर्वांत अवघड जाते. निश्चल पडलेल्या माणसाला बेशुद्ध समजण्याची सवय इतकी खोल आहे की चांगली माणसेही खाटेपलीकडे एकमेकांशी त्याच्याविषयी 'ही', 'हिला' असे बोलू लागतात. माझ्या मेंदूला काहीही झाले नव्हते. मला सगळे ऐकू येत होते, सगळे समजत होते, आणि सगळे दुखतही होते. हालचाल गेली म्हणून वेदना जात नाहीत. जीबीएसमध्ये नसा दुखतात, पाठ दुखते, चादरीची घडी टाचेखाली आली तर ती सुरीसारखी रुतते, आणि ती सांगायला ना हात असतो ना आवाज.

चेहऱ्याच्या दोन्ही बाजू लुळ्या पडल्याने मला पापण्या नीट मिटता येत नसत, त्यामुळे पापण्यांच्या उघडझापीवर चालणारा होकार-नकार आमच्या कामाचा नव्हता. रात्री डोळ्यांत मलम घालून त्यांवर पट्टी लावावी लागे. मात्र बुबुळे वर नेता येत होती. ताईने एका पुठ्ठ्यावर बाराखडी मांडली, आणि मग आमच्या लक्षात आले की आपल्या लिपीची वर्गवारी अशा माणसासाठीच केलेली असावी इतकी सोयीची आहे. ती आधी वर्ग विचारे, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, आणि मग उरलेली अक्षरे. मी वर पाहिले की त्या वर्गातली अक्षरे एकेक करून म्हणे. त्यानंतर काना, वेलांटी, उकार, मात्रा. पहिला शब्द होता 'टाच'. ट-वर्ग, ट, काना, च-वर्ग, च. तो लिहायला चार मिनिटे लागली असतील, पण टाच उचलली गेली, खाली मऊ घडी सरकवली गेली, आणि आजार सुरू झाल्यापासून प्रथमच माझ्या सांगण्यावरून या जगात काहीतरी बदलले. पुढे पुढे आम्ही काना-मात्रा गाळून टाकल्या. 'पठ' म्हणजे पाठ आणि 'उजड' म्हणजे उजेड, एवढे ताईला न सांगता कळू लागले. ज्यांना मेंदूच्या देठाच्या पुढच्या भागात झटका येऊन 'लॉक्ड-इन' अवस्था येते, त्यांचे तर वर्षानुवर्षे एवढेच उरते, डोळ्यांची वर-खाली हालचाल आणि पापण्या. त्या अवस्थेला 1966 साली फ्रेड प्लम आणि जेरोम पोझनर या दोन मेंदूविकारतज्ज्ञांनी हे नाव दिले. अशा माणसापाशी गेल्यावर 'वर बघा' एवढे एकदा तरी म्हणून पाहावे, नाहीतर तो आत आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

त्याच आठवड्यांत बाहेरच्या बाकावर ताईची एका बाईंशी ओळख झाली. त्यांचा 24 वर्षांचा मुलगा एका पहाटे झोपेतून उठला तो हातपाय हलवताच येईनात अशा अवस्थेत. चेहरा, डोळे, श्वास सगळे ठीक, संवेदना ठीक, पण मांड्या आणि खांदे दगडासारखे निश्चल. गेल्या दोन वर्षांत हे तिसऱ्यांदा घडत होते. आधीच्या दोन्ही वेळी तो रुग्णालयात पोचेपर्यंत बरा होऊ लागला होता, त्यामुळे त्याला ताण आहे, तो कामाला टाळतो आहे, असे त्याच्या तोंडावर सांगितले गेले होते. या वेळी कोणीतरी झटका चालू असतानाच रक्तातले पोटॅशियम मोजले. ते 3.5 ते 5 च्या दरम्यान असायला हवे होते, ते 2 च्याही खाली होते.

याला नियतकालिक लकवा म्हणतात, आणि मला ज्ञात असलेल्या सर्व प्रकारांत हा सर्वांत चकित करणारा आहे, कारण यात मेंदू, मज्जारज्जू आणि नसा पूर्ण निरोगी असतात. आदेश शेवटच्या दारापर्यंत पोचतो आणि दारच उघडत नाही. शरीरात पोटॅशियम कमी झालेले नसते, ते रक्तातून स्नायूंच्या पेशींत शिरून बसलेले असते. भरपूर पिष्टमय जेवण झाले की इन्सुलिन वाढते आणि ते पोटॅशियमला पेशींत ढकलते. भरपूर व्यायामानंतर घेतलेल्या विश्रांतीतही असेच होते. म्हणून झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो, आणि म्हणूनच तो जेवून झोपलेल्या माणसाला स्वस्थ झोपेत गाठतो. काही घराण्यांत स्नायूंतील कॅल्शियमच्या किंवा सोडियमच्या मार्गिकांचे जनुक बदललेले असते. काहींत, विशेषतः आशियाई पुरुषांत, मूळ कारण थायरॉइडची वाढलेली क्रिया हे असते. या मुलाला तेच होते. छातीत धडधड, घटलेले वजन, हातांचा बारीक कंप, हे सगळे त्याच्यात होते, फक्त कोणी ते एकत्र पाहिले नव्हते.

उपचारांतली नाजूक बाब ताईने मला सविस्तर सांगितली, कारण त्या मुलाच्या आईला ती डॉक्टरांनी कागदावर लिहून दिली होती. अशक्त पडलेल्या माणसाला ग्लुकोजचे सलाइन लावायचे ही सर्रास सवय असते, आणि या आजारात ते नेमके उलटे पडू शकते, कारण ग्लुकोजने इन्सुलिन वाढते आणि उरलेसुरले पोटॅशियमही आत जाते. पोटॅशियम द्यायचे ते शक्यतो तोंडावाटे, बेताने, हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून, कारण झटका ओसरताना पेशींत लपलेले पोटॅशियम एकदम बाहेर येते आणि अति झाल्यास हृदयाची लय बिघडवते. थायरॉइडचा इलाज झाला की हे झटके थांबतात, आणि तोवर प्रोप्रानोलॉल हे औषध कामी येते. घराण्यातून आलेल्या प्रकारात ॲसेटाझोलामाइडसारखी औषधे आणि आहारातला संयम लागतो. याचीच उलट बहीण म्हणावी अशी एक जात आहे, तिच्यात पोटॅशियम वाढल्याने किंवा उपाशी राहिल्याने झटका येतो आणि थोडे गोड खाल्ल्याने आराम पडू शकतो. दोन भावंडांसारखे दिसणारे आजार, आणि एकाचे पथ्य दुसऱ्याचे विष.

हाच धडा स्टेरॉइडच्या बाबतीतही आहे. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडते त्या बेल्स पाल्सीत पहिल्या 72 तासांत सुरू केलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा स्पष्ट फायदा होतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील चाचणीत नऊ महिन्यांनी हे औषध घेतलेल्यांपैकी 94 टक्के आणि न घेतलेल्यांपैकी 82 टक्के लोक पूर्ण बरे झाले होते. नसेचाच आजार असलेल्या जीबीएसमध्ये मात्र स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. माझ्या नातेवाइकांपैकी एकांनी आग्रहाने विचारले होते की शेजारच्यांचा लकवा ज्या गोळ्यांनी उतरला त्या हिला का देत नाही. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण 'लकव्यावरचे औषध' अशी वस्तू अस्तित्वातच नाही. बेल्स पाल्सीत कपाळावर आठी घालता येत नाही, मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडे झाले तरी कपाळ बहुधा हलते. घरच्या आरशासमोर दिसू शकणारा हा एवढासा फरक, पण कपाळ हलत असेल तर गाडी थेट मेंदूच्या झटक्यावर उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडे वळवायला हवी, आणि शंका असेल तरीही तिकडेच.

यंत्रावरून उतरल्यावर माझे चार महिने फिजिओथेरपीच्या दालनात गेले. तिथे एक गृहस्थ होते, ज्यांचा मनगटापासूनचा हात लोंबत असे. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून ते रात्रभर गाढ झोपले होते आणि दंडाच्या हाडाला वळसा घालणारी नस तेवढ्यात दबली होती. मनगटाला आधारपट्टी बांधून ते सात आठवड्यांत बरे झाले. तिथेच माझ्यापेक्षा वयाने लहान असलेली एक शिक्षिका होती. तिचा उजवा पाय चालत नव्हता, आणि तिचे सगळे एमआरआय निर्दोष होते.

तिच्याविषयी दालनात जे कुजबुजले जाई ते आठवले की मला आजही लाज वाटते, कारण मीही मनात तेच म्हटले होते. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी एक दिवस तिला पाठीवर झोपवून उजवी टाच गादीत दाबायला सांगितले. टाचेखाली ठेवलेल्या त्यांच्या हाताला काहीच दाब जाणवला नाही. मग त्यांनी तिला चांगला पाय त्यांच्या विरोधाविरुद्ध उचलायला सांगितला, आणि त्याच क्षणी 'न चालणारी' टाच गादीत भक्कमपणे रुतली. ही खूण चार्ल्स हूवर यांनी 1908 साली वर्णन केलेली आहे. पूर्वी ती रुग्णाचे ढोंग पकडण्यासाठी वापरली जाई. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्या खुणेचा वापर नेमका उलट केला. त्या तिला म्हणाल्या, "बघितलंस? रस्ता तुटलेला नाही. तू मुद्दाम हलवायला गेलीस की मेंदू वाट चुकतो, लक्ष दुसरीकडे असलं की बरोबर जातो. हा खरा आजार आहे, आणि यातून वाट निघते." ती शिक्षिका हमसून हमसून रडली. एमआरआय निर्दोष आल्यापासून 'तुला काही झालेले नाही' एवढेच तिने ऐकले होते. या कार्यात्मक लकव्याचे उपचार लक्ष वळवून हालचाल परत मिळवण्यावर उभे असतात. ती मागे चालायला, तालावर चालायला, चेंडू ढकलत चालायला शिकली, आणि मी चाकाच्या खुर्चीत असतानाच काठी सोडून गेली.

माझी वाट लांबची होती. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कंबरेपासून पावलापर्यंतचे अंतर त्या वेगाने मोजले की दोन-तीन वर्षांचा हिशेब होतो, आणि दरम्यान वाट पाहणारा स्नायू वाळत जातो. म्हणून सांधे रोज हलवत राहणे, पाऊल खाली पडू नये म्हणून आधार बांधणे, दमण्याच्या आधी थांबणे, ही कंटाळवाणी कामेच त्या काळात उपचार असतात. दमणे हा तर वेगळाच विषय आहे. ताकद परत आल्यावरही जीबीएसच्या अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे असा थकवा राहतो की जो बाहेरून दिसत नाही आणि झोपेने जात नाही. साधारण पाचांपैकी एक रुग्ण सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालू शकत नाही. मी नवव्या महिन्यात काठी घेऊन चालले आणि सोळाव्या महिन्यात काठीविना.

हात पूर्ण बरे झाले आहेत. डाव्या पावलाचा पुढचा भाग अजून अर्धवट उचलला जातो, त्यामुळे जोड्यात एक हलकी पट्टी असते आणि जिना चढताना मी पायऱ्यांकडे पाहते. त्या मुलाच्या आईचा ताईला अधूनमधून फोन येतो. त्याच्या थायरॉइडवर उपचार झाले, आणि तीन वर्षांत एकही झटका आलेला नाही.

वर्षातून एकदा मी बाईंकडे तपासणीला जाते. गेल्या महिन्यात त्यांनी नेहमीप्रमाणे मला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवले, माझ्याशी इकडचे तिकडचे बोलत हातोडी उचलली आणि दोन्ही गुडघ्यांवर मारली. पाय लोंबतच राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "हा परत येईलच असं नाही," त्या कागदावर नोंद करत म्हणाल्या, "चालायला तो लागत नाही." मग त्यांनी मला उतरायला सांगितले, आणि मी खाली उतरून दारापर्यंत जाऊन परत आले.